नॉर्मल हात

डॉक्टर अभिनंदन मगदूमला मिरजेत जेवढे पेशंट ओळखत होते, त्याच्या शंभरपट माणसं मोबाईलमध्ये ओळखत होती. तो मेंदूविकारांचा डॉक्टर. पण लोक म्हणायचे 'टिचकीवाला डॉक्टर'. मंडईत गेला तरी भाजीवाली त्याला बघून अंगठ्यावर बोट आपटून दाखवायची आणि खुदकन हसायची.

सगळं त्या व्हिडिओंमुळं. पंचेचाळीस सेकंदांचे व्हिडिओ. निळी चादर घातलेलं टेबल, त्यावर एक हात. चेहरा नाही, नाव नाही. फक्त डॉक्टरचा आवाज. "आधी नॉर्मल बघू." मग त्याचा स्वतःचा उजवा हात यायचा. अंगठ्यावर शेजारचं बोट, टक टक टक टक, दहा सेकंद, जमेल तेवढं मोठं आणि जमेल तेवढं जलद. "आता पेशंट बघू." मग दुसरा हात. सुरुवातीला बोटं लांब उघडायची, मग टिचकी लहान लहान होत जायची, अडखळायची, शेवटी बोट अंगठ्याला चिकटून नुसतं थरथरायचं. "फरक कळला? मग आज घरातल्या मोठ्या माणसांचे हात बघा."

बास. एवढंच. पण लोकांना आवडायचं. सात वर्षांत नऊशेच्या वर व्हिडिओ झाले.

आधी नॉर्मल दाखवायची युक्ती मात्र त्याची नव्हती. ती अक्काची. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, पद्मावती. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. दोन हजार सत्तावीस साली पहिला व्हिडिओ केला तेव्हा मोबाईल तिनंच धरला होता. इकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, तशीच ती बोलायची.

"अरे, नुसता आजार दाखवून काय उपयोग?" ती म्हणाली होती. "चांगलं काय असतंय ते तरी कुणी लक्ष देऊन बघितलंय का? आधी चांगला हात दाखव की."

"आता चांगला हात कुणाचा आणू?"

"तुझा काय मोडलाय? ठेव टेबलावर. मी धरतो मोबाईल."

ठेवला.

आता थोडं शास्त्र. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मेंदूच्या खालच्या बाजूला काळपट पेशींचा एक छोटा पुंजका असतो. आपली हालचाल सुरळीत राहायला जे रसायन लागतं ते तिथं तयार होतं. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात. गोम अशी की हात थरथरायला लागेपर्यंत निम्म्याच्या वर पेशी गेलेल्या असतात. म्हणजे आग लागून घर अर्धं जळाल्यावर धूर दिसणार. दोन हजार एकतीसमध्ये औषध आलं. महिन्याला एक इंजेक्शन. उरलेल्या पेशी ते वाचवतं. मेलेल्या परत आणत नाही. आणि उरलेल्या पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली गेल्या की औषध कामच करत नाही, उलट त्रास देतं. त्यामुळं सगळी शर्यत एकच, रेषेच्या आत पेशंट शोधायचा. धूर निघायच्या आधी.

तिथं टिचकी कामाला आली. आजार सुरू होऊन फार दिवस झालेले नसले तरी बोटांच्या लयीत बारीक फरक पडतो. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाचा. डोळ्याला दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसतो. पुण्यातल्या एका कंपनीनं ॲप काढलं, नावच ठेवलं 'टिचकी'. आशाताईंनी घरोघर जायचं, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला दहा सेकंद बोटं वाजवायला लावायची. हिरवं आलं तर नॉर्मल. लाल आलं तर मिरजेला किंवा पुण्याला जाऊन मेंदूचा स्कॅन.

मशीनला हे शिकवायला व्हिडिओ लागतात. आजारी हातांचे आणि निरोगी हातांचे. कंपनीनं डॉक्टरांच्या सोशल मीडियावरचे व्हिडिओ परवानगी घेऊन गोळा केले. आजारी हात ढिगानं मिळाले. पण निरोगी? निरोगी माणसाचा व्हिडिओ कोण टाकतो? त्याला कोण बघणार? अख्ख्या देशात आधी नॉर्मल दाखवणारा एकच डॉक्टर निघाला.

मगदूमनं आनंदानं सही दिली. खाली कॅप्शन टाकलं, 'माझा हात आता मशीनचा गुरू.' चाळीस हजार लाईक.

*

ती शनिवारी आली. पांढरा कुर्ता, पाठीला सॅक, तिशीच्या आतबाहेरची. ओपीडी संपत आली होती. मगदूमला वाटलं, सेल्फी.

"या, पटकन काढू," तो केस सारखे करत म्हणाला.

"फोटोसाठी नाही आले सर. मी नझनीन शिकलगार. 'टिचकी'मध्ये काम करते. मशीनला शिकवायचं काम."

"अरे वा! म्हणजे माझीच विद्यार्थिनी की."

ती हसली नाही. खुर्चीवर बसली, सॅक मांडीवर घेतली. "सर, मला ऑफिसनं पाठवलेलं नाही. ऑफिसला माहीतही नाही."

मग तिनं लॅपटॉप उघडला. ती फार सरळ बोलत होती, जणू वाटेत दहा वेळा घोकून आली असावी. सहा महिन्यांपासून काही पेशंट असे येत होते की मशीननं त्यांना हिरवं दिलेलं, आणि दोन वर्षांत त्यांचा आजार बाहेर पडलेला. थोडेच. वरचे म्हणाले, एवढं चुकणारच. पण तिला चैन पडेना. तिनं एकेका डॉक्टरचे व्हिडिओ बाजूला काढून मशीन नव्यानं शिकवून बघितलं. कुणाचेही काढले तरी काही फरक पडेना.

"तुमचे काढले आणि सगळं बदललं," ती म्हणाली.

"माझे? माझे तर नॉर्मल आहेत."

"निरोगी हातांचे व्हिडिओ एकूण सहाशे दहा होते सर. त्यातले दोनशे चौदा तुमचे. आणि आम्ही मशीनची परीक्षा ज्या व्हिडिओंवर घेतली, त्यातही तुमचेच हात होते. मग काय, पैकीच्या पैकी."

मगदूमनं पंख्याकडं बघितलं. पंखा चालू होता. उगाच.

"दर चौथ्या टिचकीला तुमचं बोट किंचित थबकतं. अडतीस मिलिसेकंद. पहिल्या वर्षीच्या व्हिडिओत वीस होतं. दरवर्षी वाढत गेलंय." ती थांबली. "मशीन काय शिकलं, तर चौथ्या टिचकीला थबकणं म्हणजे तब्येत ठणठणीत. नव्या मशीनला मी तुमचा हात दाखवला सर. लाल आला."

बाहेर कंपाउंडर शेवटच्या पेशंटला चपला बाहेर काढायला सांगत होता. मगदूमनं उजवा हात टेबलाखाली घेतला. का घेतला, त्यालाच कळलं नाही.

"किती जण?" त्यानं विचारलं.

"जुन्या मशीननं हिरवं दिलेले आणि नव्यात लाल येणारे, दोन हजार एकशे चाळीस. बहुतेक आपल्याच भागातले. ऑफिस म्हणतंय, तीन आठवड्यांनी नवीन आवृत्ती आणू, मग सावकाश पत्रं पाठवू. पण सर, दर आठवड्याला यातले दहा-बारा जण रेषेच्या खाली जात असणार. तुम्ही बोललात तर कुणाला दाबता येणार नाही. हात तुमचा आहे."

त्याला एकच नाव आठवलं. आठवायला नको होतं.

"यादीत... पद्मावती चौगुले?"

नझनीननं शोधलं. वेळ लागला नाही. "हो सर. नातेवाईक?"

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्का दवाखान्यात येऊन म्हणाली होती, "अभ्या, हात जरा जड वाटतोय. काल एका बाळाची शीर दोनदा चुकली. माझी कधी चुकत नाही."

ते खरंच होतं. लॅबमध्ये लोक बसून राहायचे, ताई आल्या की मग देतो म्हणायचे.

मगदूमनं तिच्यासमोर स्वतःचा हात धरला. मेंदूचे डॉक्टर असंच करतात. पेशंटला सांगायचं, माझ्याबरोबर वाजव. आपला हात शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. कॉलेजातच शिकवतात तसं. दोघांनी दहा सेकंद बोटं वाजवली. टक टक टक टक. सारखी. अगदी सारखी.

मग त्यानं 'टिचकी' काढलं. हिरवं आलं. शहाण्णव टक्के नॉर्मल.

"बघ! माझ्यापेक्षा मार्क जास्त पडले तुला," तो म्हणाला होता. "वय झालं आता. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घे."

तिनं घेतल्या. वर्षभर.

*

सोमवारी त्यानं गाडी काढली आणि पुण्याला जाऊन गुपचूप स्वतःचा स्कॅन केला. मिरजेत केला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आकडा आला, चोपन्न. रेषेच्या वर. आजार आठ-नऊ वर्षं जुना, पण गाडी बैलाच्या चालीनं चाललेली.

मंगळवारी त्यानं अक्काला नेलं. म्हणाला, नवीन मशीन आलंय, घरच्यांचा फुकट करून देतायत. ती वाटेत त्याला लाडू भरवत होती, आणि लाडूचा चुरा त्याच्या शर्टवर पडत होता. पूर्वी पडला नसता. आता त्याला दिसत होतं. एकदा दिसलं की दिसतच राहतं.

सदतीस.

तिचा आजार उशिरा सुरू झाला होता, पण धावत आला होता. त्यानं कागदावर उलटं गणित केलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडं साठच्या आसपास असणार. इंजेक्शन सुरू झालं असतं तर ती आजही साठवरच असती. त्यानं कागद फाडला. मग तुकडे खिशात घातले, तिथल्या टोपलीत टाकले नाहीत.

"काय आलं रे?" अक्कानं गाडीत विचारलं.

"रिपोर्ट यायचाय."

"मग तू असा गप का?"

"ट्रॅफिक बघतोय."

बुधवारी त्यानं काही केलं नाही. पेशंट तपासले. प्रत्येकासमोर हात धरायची वेळ आली की म्हणायचा, तुम्ही एकटेच वाजवा. नझनीनचे तीन फोन आले. त्यानं उचलले नाहीत. चौथ्याला मेसेज केला, 'दोन दिवस द्या.' व्हिडिओ करायचा तर आधी अक्काला सांगायला हवं होतं. आणि अक्काला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते तोंडात येत नव्हतं. शेकडो लोकांना त्यानं वाईट बातमी सांगितली होती. त्यावर त्याचे व्हिडिओसुद्धा होते.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्याचा मोबाईल वाजायला लागला. लाईक, कमेंट, लाईक. त्यानं बघितलं. महिन्याचे व्हिडिओ तो एकदम करून ठेवायचा आणि तारखा लावून द्यायचा. मोबाईलनं आपलं काम केलं होतं. निळी चादर. 'आधी नॉर्मल बघू.' आणि त्याचा हात.

काढून टाकावा, तर लोक विचारणार का काढला. ठेवावा, तर.

ठेवला. दुपारपर्यंत नव्वद हजार जणांनी बघितला.

शुक्रवारी सकाळी अक्काचा फोन आला. आवाज हलका. किती दिवसांनी इतका हलका.

"अभ्या, तुझा कालचा व्हिडिओ बघितला. बघता बघता मीबी वाजवून बघितलं तुझ्याबरोबर. दहा वेळा तरी केलं असेल. सेम चाललंय रे! अगदी तुझ्यासारखं. उगाच काळजी करत होतो मी. तो रिपोर्ट येऊ दे न्हाईतर न येऊ दे, मी बरा हाय."

त्यानं गाडीची किल्ली उचलली.

"अभ्या?"

"येतो मी घरी," तो म्हणाला.

*

अक्का एकटीच राहायची. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय रे, पेशंट टाकून आलास?"

"अक्का, बस जरा."

"मी बसलेलोच हाय. तू बस."

तो बसला. सांगायला लागला. पेशी, टक्के, मशीन, शिकवायचे व्हिडिओ, चाचणीचे व्हिडिओ. त्याला ऐकू येत होतं की आपण लांबवतोय. अक्कानं एक उशीचा अभ्रा मांडीवर धरला होता, त्याची घडी अर्धी झाली होती.

"थांब," ती म्हणाली. "व्हिडिओत पंचेचाळीस सेकंदात सांगतोस की. तसं सांग."

त्यानं श्वास घेतला.

"माझा हात नॉर्मल नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. मशीन माझ्या हातावरून शिकलं. तुझा हात माझ्यासारखा चालत होता, म्हणून ते तुला बरी म्हणालं. मीही माझा हात बघूनच तुला बरी म्हणालो. तुला पार्किन्सन आहे अक्का. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर औषध लागू पडलं असतं. आता पडत नाही."

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं. चार-पाच किका. लागली नाही.

"मी तुला म्हटलं होतं," अक्का म्हणाली.

"हो."

"हात जड वाटतोय म्हटलं होतं."

"हो."

"तू काय म्हणालास?"

त्यानं मान खाली घातली.

"म्हण की. काय म्हणालास?"

"बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घे."

अक्कानं अभ्रा बाजूला ठेवला. पुन्हा घेतला. "तुला हे कधी कळलं?"

"शनिवारी."

"आज कोण वार?"

"शुक्रवार."

"मग कालचा व्हिडिओ?"

"आधी लावून ठेवलेला. आपोआप गेला."

"काढला का न्हाईस?"

उत्तर जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"मी त्याच्याबरोबर बोटं वाजवली रे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. तेच जास्त लागलं. "हसत वाजवली. देवाला हात जोडले. माझ्यासारखं आणि किती जणांनी वाजवलं असेल काल? तुझी गाठ पडली नसेल त्यांच्याशी, पण त्यांनी तर तुझ्यावर विश्वास ठेवला की न्हाई?"

तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, तोंडावर हात घेऊन. उजवाच हात.

अक्कानं त्याला जवळ घेतलं नाही. लहानपणी घ्यायची. आता तिनं नुसतं बघितलं, त्याचं होऊ दिलं.

मग म्हणाली, "तुझं किती हाय?"

"काय?"

"आकडा. तुझाबी काढला असशील."

"चोपन्न."

"माझा?"

"सदतीस."

"रेघ कुठं?"

"पंचेचाळीस."

तिनं मनात हिशेब केल्यासारखं केलं. लॅबमध्ये आयुष्य गेलेलं, रिपोर्ट कसा वाचायचा ते तिला सांगावं लागत नव्हतं. "म्हणजे तुला औषध चालतंय."

"मी घेणार नाही अक्का."

"का?"

"कुठल्या तोंडानं घेऊ?"

"नाटकं करू नकोस." आता मात्र आवाज चढला. "तू न घेऊन माझं काय परत येणार हाय? ऐक. अजून चार-पाच वर्षांनी मला कुणीतरी उठवायला लागणार, बसवायला लागणार, भरवायला लागणार. पोरगी बंगळूरला. मग कोण करणार? तूच करणार. आणि तेव्हा तुझेबी हात थरथरत असले तर मी काय करू? माझ्या अंगावर आमटी सांडून घेऊ?"

"अक्का..."

"मी माफ केलं म्हणून सांगत न्हाई. ते मला जमेल का न्हाई मला ठाऊक न्हाई. मला चांगले हात लागणार हायत, आणि ते तुझे असायला पाहिजेत. म्हणून तू घ्यायचं. महिन्याच्या महिन्याला. एक चुकवायचं न्हाई."

तिनं अभ्र्याची घडी पूर्ण केली. तिच्या बोटांनी कोपरे जुळवायला वेळ घेतला, तेवढा वेळ दोघंही त्या कोपऱ्यांकडंच बघत राहिले.

"आता जा. व्हिडिओ कर," ती म्हणाली. "आणि आज परत येऊ नकोस. उद्याबी येऊ नकोस. मी बोलवीन."

*

त्यानं दवाखान्यात जाऊन दार लावलं. मोबाईल पुस्तकांना टेकवून उभा केला. पहिल्यांदाच चेहरा दाखवला. गावाबाहेरच्या लोकांना अपेक्षा होती त्यापेक्षा म्हातारा चेहरा.

"नमस्कार. आज नॉर्मल दाखवायला माझ्याकडं काही नाही," असं तो बोलायला लागला. पंचेचाळीस सेकंदांत बसलं नाही. सहा मिनिटं लागली. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या तालुक्यात, हिरवं आलेल्या कुणी परत यायचं, सगळं सांगितलं. अक्काचं नाव घेतलं नाही. "माझ्या घरातल्याच एका माणसाची दोन वर्षं गेली," एवढंच म्हणाला.

तो त्याचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ ठरला. बेचाळीस लाख.

'सर तुम्ही देवमाणूस.' 'व्ह्यूजसाठी काहीही.' 'सलाम या प्रामाणिकपणाला.' 'डॉक्टरलाच पार्किन्सन, हाहाहा.' कुणीतरी त्याच्या हाताच्या व्हिडिओला गाणं लावून फिरवलं. या सगळ्या गर्दीत खाली एक कमेंट होती, कवठेमहांकाळच्या कुणाची तरी. 'माझ्या वडिलांना तुम्ही नॉर्मल म्हणाला होतात. ते आता बोलत नाहीत.' मगदूमनं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तासभर. शेवटी नुसता आपला फोननंबर टाकला. फोन आला नाही.

कंपनीला तीन आठवडे थांबता आलं नाही. नझनीनची नोकरी गेली, पण यादी तिनं आधीच जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडं दिली होती. दोन हजार एकशे चाळीसपैकी अठराशे जण परत आले. अकराशे रेषेच्या आत निघाले. त्यांना सुई सुरू झाली. बाकीच्या सातशेंसमोर मगदूम एकेक करून बसला. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाया पडलं. शिव्या सोप्या होत्या.

अक्कानं त्याला एकोणीस दिवसांनी बोलावलं. फोनवर फक्त म्हणाली, "गॅसची टाकी बदलायची हाय. मला फिरवायला येईना."

*

याला पाच वर्षं झाली. अक्का आता त्याच्याच घरी असते. व्हिडिओ त्यानं बंद केले. इंजेक्शन चालू आहे, एकही चुकलेलं नाही. आकडा चोपन्नचा बावन्न झाला, तिथंच थांबलाय. हात असा की सुईत दोरा ओवावा.

दवाखाना तो पाचलाच बंद करतो. अक्का दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. घरचा जैन नेम, जन्मभर पाळलेला, आजारानं तो सुटला नाही. त्यामुळं जे काही भरवायचं ते उजेड आहे तोवर. पूर्वी तिचं जेवण वीस मिनिटांत व्हायचं. मग चाळीस लागायला लागली. आता घशातली हालचालसुद्धा मंद झालीय, एक घास खाली जायला दीड-दोन मिनिटं लागतात. मधे घाई केली की ठसका लागतो, आणि ठसका लागला की जीव जायची भीती. त्याची बायको सुनेत्रा भात अगदी मऊ करून, आमटीत कालवून देते. तो पश्चिमेच्या खिडकीशी अक्काची खुर्ची लावतो, समोर स्टूल घेऊन बसतो.

"अक्का, आ कर."

ती तोंड उघडते. चमचा आत जातो. एक थेंब सांडत नाही. मग दोघं थांबतात. ती गिळेपर्यंत तो तिच्या गळ्याकडं बघतो आणि ती त्याच्या हाताकडं. पुढचा चमचा भरून तयार असतो, हवेत, अजिबात न हलता.

"हळू," ती कधीकधी म्हणते. आता तेवढाच शब्द स्पष्ट येतो. तो तर हलतही नसतो.

एके दिवशी त्यानं ओपीडी साडेचारलाच बंद केली होती. पाचला बसले. मधे दोनदा ठसका लागला, दोनदा थांबावं लागलं. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग तांबडा. वाटीत अजून अर्ध्याच्या वर भात होता. त्यानं चमचा पुढं केला.

"अक्का, अजून आहे उजेड. दोन घास तरी."

तिनं खिडकीकडं बघितलं. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर उन्हाची एक पट्टी उरली होती. पट्टी गेली.

अक्कानं तोंड मिटलं.